राष्ट्रपती पुरस्कार : फाईलचा की सेवेचा?

शाळा सुरू व्हायला आठवडा उरला असताना परिचयातील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन घरी आले. मुलगा नववीत जाणारा. गृहस्थांच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटांची जाडजूड फाईल होती. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, ऑलिंपियाड, कराटेचा पट्टा, वक्तृत्व स्पर्धा असे सारे तीत ओळीने लावलेले. शेवटची काही पाकिटे रिकामी होती. “सर, याला राष्ट्रपती स्काउट करायचा आहे. दोन वर्षांत होईल ना?” असा त्यांचा पहिला प्रश्न. मी उत्तर देण्यापूर्वीच दुसरा आला, “आणि त्याचे फायदे नेमके कोणकोणते, ते एकदा कागदावर लिहून द्या. हिलाही दाखवायचे आहेत.” मुलगा खुर्चीच्या कडेवर बसून होता. त्याला स्काउट व्हायचे आहे किंवा नाही, हे तासाभरात कोणी विचारले नाही. त्यात मीही आलो.

हे गृहस्थ वाईट नाहीत. आपल्यापैकीच आहेत. घरात संध्याकाळी शुभंकरोती होते, वर्गणी वेळेवर जाते, मुलाने देशासाठी काही करावे असे त्यांना मनापासून वाटते. तरीही मुलाला सेवेच्या वाटेवर पाठवताना त्यांच्या मनात आधी हिशेबाची वही उघडते. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नसल्यामुळेच हा लेख लिहावा लागतो आहे.

फायद्याची चर्चा निषिद्ध आहे, असे सांगणाऱ्या सोवळ्या मंडळींपैकी मी नाही. फायदे आहेत, आणि ते असावेत. भारतीय रेल्वेत स्काउट-गाईड कोट्यातून भरती होते. त्यातील वरच्या पदांसाठी उमेदवार राष्ट्रपती पुरस्कारप्राप्त किंवा हिमालय वुड बॅज धारक असावा लागतो. अलीकडच्या काळात किमान पाच वर्षे तो चळवळीत सक्रिय असावा लागतो. राष्ट्रीय किंवा अखिल भारतीय रेल्वे पातळीवरील दोन आणि राज्य पातळीवरील दोन कार्यक्रमांत त्याचा सहभाग असावा लागतो. हे सारे जमले, तरी लेखी परीक्षा चुकत नाही. आणि एकेका रेल्वे विभागात निघणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच असतात. म्हणजे ‘पुरस्कार मिळाला की रेल्वेत चिकटला’ ही जी समजूत गावोगावच्या पालकसभांत पसरवली जाते, ती निव्वळ भूलथाप आहे. राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी वा मुलाखतीत कामी येते, हेही खरे. ज्या मुलाने चार वर्षे सुट्या खर्ची घातल्या, त्याला समाजाने आणि शासनाने चार पावले पुढे जागा द्यावी, यात गैर काय आहे?

गैर आहे ते पुढचे. जागा मिळते म्हटल्यावर चार वर्षे गाळून जागा कशी मिळेल, याचा शोध सुरू होतो. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार अशी ही शिडी आहे. ‘सोपान’ हा शब्द ज्याने योजला त्याला पायरीचे महत्त्व ठाऊक होते. प्रत्येक पायरीला ठरावीक महिने लागतात. मधल्या काळात दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, नकाशा आणि होकायंत्र, मुक्कामी पदभ्रमण, स्वतः चूल पेटवून केलेला स्वयंपाक, प्रावीण्य पदके आणि सेवाकार्य हे सारे करावे लागते व त्याची नोंद लॉगबुकात ठेवावी लागते. आज ठिकठिकाणी होते काय? लॉगबुक चाचणी शिबिराच्या आदल्या आठवड्यात, एका बैठकीत, वर्षभराच्या तारखा टाकून लिहिले जाते. गेल्या वर्षीच्या मुलाचे समोर ठेवून उतरवले जाते. पदभ्रमणाचा नकाशा मोठी बहीण काढते. सेवाकार्याचे छायाचित्र म्हणजे हातात झाडू घेऊन शाळेच्या फाटकात उभी राहिलेली वीस मुले. छायाचित्र निघाले की झाडू शिपायाच्या हाती परत.

‘खरी कमाई’चेच पाहा. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने चार पैसे मिळवावेत, घामाचा पैसा म्हणजे काय ते त्याला कळावे, म्हणून हा उपक्रम. कोणाची सायकल पुसून द्यावी, कोणाचे दळण आणून द्यावे, बागेतले तण काढावे. आता बहुतेक शाळांत त्याचा खाद्यजत्रा झाला आहे. भेळेचे साहित्य बाबा आणतात, इडल्या आई पहाटे उठून करते, विकतही त्याच घेतात, आणि नफा मुलाच्या नावावर खरी कमाई म्हणून जमा होतो. या व्यवहारात ‘खरी’ काय आणि ‘कमाई’ कोणाची, हे विचारण्याचे धाडस कोणी करत नाही, कारण इडली चवदार असते.

हे मी दुरून पाहून लिहीत नाही. बावीस वर्षे मी एका शाळेत स्काउटमास्तर होतो, आणि माझ्याही हातून अशी सही झाली आहे. एका वर्षी राज्य पुरस्काराच्या चाचणीसाठी आठ मुलांची नावे जाणार होती. सात तयार होती. आठवा मुलगा हुशार, पण पथकाच्या बैठकांना वर्षातून चारदाच आलेला. त्याच्या वडिलांचे शाळेच्या व्यवस्थापनात वजन होते. मुख्याध्यापकांनी त्याचे लॉगबुक माझ्यापुढे सरकवले. तीन रंगांच्या शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात वर्षभराच्या नोंदी होत्या. मी सही केली. त्याच पथकात एक मुलगा होता, ज्याला प्रथमोपचाराच्या पदकासाठी मी स्वतः नापास केले होते. झोळीपट्टी त्याला नीट बांधता आली नव्हती. पुढच्या खेपेला ये, असे त्याला सांगितले होते, आणि तो येणारही होता. चाचणीला गेलेल्यांची यादी फळ्यावर लागली, त्यानंतरच्या शनिवारी तो आला नाही. पुढेही आला नाही. मी घरी गेलो, तेव्हा त्याच्या आईने चहा दिला आणि “आता अभ्यासाचे वर्ष आहे, सर,” एवढेच सांगितले. मुलगा आतल्या खोलीत होता. त्याला माझ्याशी बोलायचे नव्हते, आणि मला त्याच्याशी काय बोलावे ते सुचत नव्हते.

खोट्या प्रमाणपत्राने कोणाचे नुकसान होते, असे विचारणाऱ्यांना मी या मुलाकडे बोट दाखवतो. ज्याला फुकट मिळाले त्याचे कदाचित काही बिघडले नसेल. ज्याने नियम पाळला, तो मात्र बाराव्या-तेराव्या वर्षीच शिकला की नियम आपल्यासारख्यांसाठी असतो. नागरिकशास्त्राचे पुस्तक हे नुकसान भरून काढू शकत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या आक्षेपाकडे वळू. आपल्या काही कार्यकर्त्यांना मुळात हा विषयच परका वाटतो. स्काउट ही साहेबाची चळवळ, बेडन-पॉवेल हा साम्राज्याचा सेनानी, तिच्या पुरस्काराचे कौतुक आपण का करावे, असा त्यांचा सवाल असतो. अर्धा इतिहास सांगितला की असेच होते. भारतात ही चळवळ १९०९ साली बंगळूरला सुरू झाली, आणि तिची दारे केवळ युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी उघडी होती, हे खरे आहे. पण आपल्या पूर्वसुरींनी त्यावर निव्वळ रुसून बसणे पत्करले नाही. १९१६ साली मद्रासेत ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. १९१८ साली पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी प्रयागला सेवा समितीची स्काउट संघटना उभी केली. साहेबाच्या शिस्तीतले घेण्यासारखे होते ते त्यांनी घेतले आणि त्याला आपल्या मातीचे नाव दिले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्सची स्थापना झाली. तिच्या प्रतिज्ञेत ईश्वराविषयीच्या कर्तव्याचा उच्चार आहे, आणि ज्याला हवे त्याने ‘ईश्वर’ या शब्दाच्या जागी ‘धर्म’ म्हणावे, अशी मुभा आहे. ही मुभा कोणत्या भूमीत सुचू शकते, हे आक्षेपकांनी शांतपणे विचारात घ्यावे.

यातील कुंझरू हे नाव महाराष्ट्राने तरी विसरू नये. ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे. १९१५ च्या हरिद्वार कुंभात समाजाचे मोठे स्वयंसेवक पथक गेले होते. पथकाचे प्रमुख कुंझरू आणि वैद्यकीय व्यवस्था डॉ. देव यांच्याकडे. गांधीजी फिनिक्सची आपली मंडळी घेऊन मदतीला गेले, त्याची हकिकत त्यांच्या आत्मकथेत आहे. त्या मंडळींनी तिथे कोणते काम मागून घेतले? शौचासाठी खणलेल्या चरांतील मैल्यावर माती टाकण्याचे. डॉ. देवांना या कामासाठी मजुरीवर माणसे लावावी लागत होती. ते मंडळींनी अंगावर घेतले. या सेवेचे कोणतेही छायाचित्र फाईलमध्ये लागलेले नाही, आणि लागले असते तरी कोणत्या पालकाने ते पाकिटात घातले असते, अशी शंका आहे.

हेच कुंझरू पुढे तरुणांच्या संघटनकार्यात अखेरपर्यंत राहिले. १९४६ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या शिफारशींतून १९४८ साली राष्ट्रीय छात्र सेना उभी राहिली. भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या उभारणीत ते अग्रभागी होते. आणि १९६८ साली भारतरत्न देऊ केले असता त्यांनी ते नाकारले, कारण प्रजासत्ताकात असे किताब असू नयेत, हे त्यांचे मत जुने होते. ज्या माणसाने देशातल्या मुलांसाठी पदकांची शिडी उभारायला हात लावला, त्याने स्वतः सर्वोच्च पदक घेतले नाही. मला यात विसंगती दिसत नाही. मुलाला पायरी लागते. पायरी चढून गेलेल्याला तिचे ओझे वाहायची गरज उरत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतून अलीकडे ‘ईगल स्काउट’ हा शब्द फार ऐकू येतो. भाचा ईगल झाला, पुतण्या ईगल झाला, असे फोन येतात आणि इकडच्या आजी-आजोबांना ते काय आहे हे समजावून द्यावे लागते. तो तिथल्या स्काउट चळवळीतला सर्वोच्च दर्जा. किमान एकवीस प्रावीण्य पदके, पथकात जबाबदारीचे पद सांभाळण्याचा अनुभव, आणि अठरावे वर्ष लागण्यापूर्वी सारे पूर्ण. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग ईगल स्काउट होते, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड होते. तिथेही लाभ आहेत: सैन्यात भरती होणाऱ्या ईगल स्काउटला आरंभीच वरची वेतनश्रेणी मिळू शकते.

त्यातील एक अट मात्र आपल्याकडच्या चाचणी परीक्षकांनी भिंतीवर लावावी अशी आहे. मुलाला एक सेवाप्रकल्प स्वतः आखावा लागतो आणि इतरांना कामाला लावून तडीस न्यावा लागतो. तो स्काउट संस्थेच्या स्वतःच्या उपयोगाचा चालत नाही. एखादी शाळा, देवस्थान, वस्ती अशा दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगाचा असावा लागतो. नंतर काही प्रौढ मंडळी त्याला समोर बसवून प्रश्न विचारतात. तू कुठे चुकलास, कोण ऐकत नव्हते, मग काय केलेस? तीन रंगांच्या शाईतून या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत.

टेक्सासच्या बेलर विद्यापीठाने २०१२ साली ईगल स्काउटांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. जे कधीच स्काउट नव्हते त्यांच्या तुलनेत ईगल झालेले पुरुष स्वयंसेवा, दानधर्म, शेजारपाजाऱ्यांशी संबंध, पुढाकार यांत पुढे दिसतात, असा त्याचा निष्कर्ष. फायद्याची यादी मागणाऱ्यांना हा अभ्यास फार आवडतो. पण त्यावर एक सरळ शंका घेता येते: ज्या घरांतून मुले ईगलपर्यंत पोहोचतात, ती घरे मुळातच चांगली असतील तर श्रेय कोणाचे, पदकाचे की घराचे? शंका रास्त आहे, आणि मी तिला बगल देणार नाही. घराचे श्रेय मोठेच असणार. मात्र ही शंका ‘फाईल’वाल्यांच्या बाजूने जात नाही. घराचे संस्कार असोत वा पथकाचे, दोन्हींसाठी वर्षे द्यावी लागतात. पदक उचलून घरात आणल्याने कोणतेच मूल शेजाऱ्याच्या हाकेला धावू लागल्याचे अजून कोणत्या विद्यापीठाला आढळलेले नाही.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचाही हेतू नाही. तिथल्या संस्थेवर मुलांवरील लैंगिक अत्याचारांचे इतके दावे झाले की २०२० साली तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. २०२५ साली तिने नावही बदलले. मुलांच्या संस्थेत पाटीवर कितीही उदात्त शब्द असले, तरी पहारा ठेवावाच लागतो, एवढे तरी त्यातून आपण घ्यावे.

आपल्याकडे पहारा कुठे ठेवायचा, ते मी सांगतो. चाचणीच्या जागी. राज्य पुरस्काराच्या चाचणीसाठी शाळेचे सभागृह आणि पटांगण सोडून मुलांना खऱ्या गर्दीत न्यावे. आषाढीला लाखो वारकरी चालत पंढरपूरला जातात. त्या वाटेवरच्या मुक्कामांवर पाण्याच्या टाक्या भरायच्या असतात, पायांना आलेले फोड बांधायचे असतात, चुकलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या दिंडीपर्यंत पोहोचवायचे असते, पालखी पुढे सरकल्यावर मागे राहिलेली घाण उचलायची असते. संघनायकाला सहा-सात मुले देऊन एका मुक्कामावर दोन दिवस उभे करा. ज्याला झोळीपट्टी येते आणि ज्याला येत नाही, ते पहिल्या तासात कळेल. कोण सावलीत बसतो आणि कोण रात्री अकराला स्वतःहून कंदील घेऊन निघतो, हेही कळेल. परीक्षकाने लॉगबुकापेक्षा तिथल्या वारकऱ्यांना विचारावे.

‘आमची मुले लहान आहेत, एवढ्या गर्दीत कशी पाठवायची,’ असे सुजाण पालक म्हणतील. तीच मुले त्याच वयात शिकवणीसाठी पहाटे पाचच्या लोकलला लोंबकळत जातात, तेव्हा गर्दीची भीती वाटत नाही. मुलगा जोखमीच्या ठिकाणी जाऊ नये असे वाटणाऱ्या घराने स्काउटच्या वाटेला मुलाला पाठवूच नये. तो मार्ग प्रतिष्ठेचा आहे, सक्तीचा नाही. चाचणीत मुले नापास झाली, आठापैकी दोनच पास झाली, तर ते शाळेचे अपयश मानू नये. आणि व्यवस्थापनातील कोणी लॉगबुक पुढे सरकवले, तर स्काउटमास्तराने पेन खिशात ठेवावे. हे लिहायला सोपे आहे, हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे.

स्वयंसेवी कार्यकर्त्यांनाही एक विनंती. वस्तीतल्या, आश्रमशाळेतल्या, नगरपालिकेच्या शाळेतल्या मुलांपर्यंत हा पुरस्कार फारसा पोहोचत नाही. गणवेश, शिबिराचे शुल्क, प्रवासखर्च हे अडथळे असतात. रेल्वेतल्या त्या मोजक्या जागांची खरी गरज ज्या घरांना आहे, त्या घरांतल्या मुलांना अशी जागा असते हेच ठाऊक नसते. एका पथकाचा वर्षाचा खर्च चार मध्यमवर्गीय घरे सहज उचलू शकतात. शनिवारी संध्याकाळी तास-दोन तास देणारा एक निवृत्त शिक्षक किंवा माजी सैनिक मिळाला की पथक उभे राहते. फायद्याची भाषा बोलायचीच असेल, तर ती या घरांसाठी बोलू या.

त्या गृहस्थांना मी फायद्यांची यादी लिहून दिली नाही. पथक शनिवारी साडेचारला जमते, येताना तीन मीटर दोरी आणावी, असे एका चिठ्ठीवर लिहून ती मुलाच्या हातात दिली. शनिवारी मुलगा सायकलवरून एकटाच आला. दोरी आणली होती, पण नायलॉनची. तिची गाठ सुटत होती आणि तो पुन्हा पुन्हा बांधत होता. वडिलांचा त्याच रात्री फोन आला. फाईल कोणाकडे जमा करायची, असे ते विचारत होते.